न्यूट्रॉन प्रोबद्वारे ओलाव्याचे मापन : आकडा वाचताना घ्यावयाची काळजी

न्यूट्रॉन प्रोब जमिनीच्या निरनिराळ्या खोलीवरील ओलावा माती न उकरता दाखवितो. मात्र हे उपकरण थेट पाणी मोजत नाही. ते हायड्रोजनचा वेध घेते. हा फरक दुर्लक्षिल्यास सिंचनाचा निर्णय चुकतो.

कार्यतत्त्व : अमेरिशियम-२४१ व बेरिलियम यांच्या स्रोतातून वेगवान न्यूट्रॉन बाहेर पडतात. विद्युतभार नसल्याने ते प्रामुख्याने अणुकेंद्रकांवर आदळूनच मंदावतात. गोटी वरवंट्यावर आदळली, तर जवळजवळ त्याच वेगाने मागे फिरते. तेवढ्याच वजनाच्या स्थिर गोटीवर समोरासमोर आदळली, तर स्वतः थांबते. हायड्रोजनचे केंद्रक न्यूट्रॉनच्याच वजनाचे असल्याने प्रत्येक टकरीत सरासरी निम्मी ऊर्जा जाते. २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रॉन पूर्णपणे मंदावण्यास हायड्रोजनशी सुमारे १८, ऑक्सिजनशी सुमारे १५०, तर सिलिकॉनशी २५० हून अधिक टकरी लागतात. म्हणूनच ओल्या जमिनीत स्रोताभोवती मंद न्यूट्रॉन दाटतात आणि शोधक त्यांचीच गणना करतो.

मर्यादा व उपाय :

१. सेंद्रिय पदार्थ व चिकणमातीच्या खनिजांतील हायड्रोजनही मोजला जातो. उलट क्लोरीन व बोरॉन मंद न्यूट्रॉन शोषून गणना घटवितात. म्हणून प्रत्येक प्रकारच्या जमिनीसाठी स्वतंत्र अंशांकन करावे. त्यासाठी मातीचे नमुने १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून मिळालेला ओलावा प्रोबच्या गणनेशी ताडून पाहावा.

२. काळ्या जमिनीत नळीलगत भेगा पडल्यास आकडा फसवा ठरतो. नळी मातीत घट्ट बसवावी.

३. वरच्या १५ ते २० सेंटिमीटर थरातील न्यूट्रॉन हवेत निसटतात व ओलावा कमी दिसतो. हुमणीची मादी ओलसर मातीत अंडी घालते, ती बहुधा याच थरात. त्यामुळे कीड सर्वेक्षणासाठी येथील ओलावा नमुने वाळवूनच काढावा.

सुरक्षितता : प्रोब प्रशिक्षित व्यक्तीनेच, अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार हाताळावा. अमेरिशियमचा अर्धायुकाल सुमारे ४३२ वर्षे आहे. त्यामुळे यंत्र बंद पडले तरी स्रोत सक्रिय राहतो. जुना प्रोब कदापि भंगारात देऊ नये.