ताळेबंद आणि खरेदीच्या ऑर्डरी

वाशीम जिल्ह्यांत सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या अनेक शेतकऱ्यांनीं उत्पादक कंपन्यांचे भाग घेतले आहेत. अशा कंपन्यांची सोय २००२ सालच्या दुरुस्तीनें कंपनी कायद्यांत झाली. भाग घेणें सोपें. वर्षअखेरचा ताळेबंद समजून घेणें हें सभासदाचें खरें काम होय. त्यांतील एका फसव्या जागेकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. ती म्हणजे दिलेल्या, पण पुऱ्या न झालेल्या, खरेदीच्या ऑर्डरी.

हिशेबाचा सामान्य नियम असा कीं, माल ताब्यांत येईपर्यंत त्याची किंमत देणें म्हणून मांडली जात नाहीं. समजा, एका कंपनीनें फेब्रुवारींत सोयाबीनच्या २०० क्विंटल बियाण्याची ऑर्डर क्विंटलीं ८,००० रुपये दरानें, म्हणजे १६ लाखांची, दिली. येणाऱ्या शेवटच्या मालापोटीं २ लाख विसार दिला. ३१ मार्चपर्यंत ५० क्विंटल माल उधारीवर आला. ताळेबंदांत या मालाचें देणें ४ लाखच दिसेल. वस्तुतः कंपनीस १४ लाख उभे करावयाचे आहेत. बाकीच्या १० लाखांचा शोध ताळेबंदासोबतच्या टिपांत, ‘बांधिलकी’ या सदरांत करावा. परंतु तेथें इमारत, यंत्रें इत्यादि भांडवली करारांचाच आंकडा बहुधा असतो. म्हणून टीप नाहीं, यास्तव बांधिलकी नाहीं, असें समजूं नये.

मृगाचा पाऊस लांबला व बियाणें खपलें नाहीं, तर काय होईल? सोयाबीनची उगवणशक्ति लवकर घटते. पुढील वर्षावर भरंवसा ठेवतां येत नाहीं. सभासदाची जबाबदारी भागाच्या रकमेपुरतीच असली, तरी ती रक्कम घामाचीच आहे.

उलटपक्षीं, तेलगिरणीनें कंपनीकडे नोंदविलेली ऑर्डर हा नफा नव्हे. माल पोंचून पैसे येईपर्यंत ती आशाच होय.

वार्षिक सभेची सूचना, तपासलेल्या हिशेबासह, निदान १४ दिवस आधीं मिळाली पाहिजे. त्या अवधींत पुढील प्रश्न लिहून ठेवावे: किती माल यावयाचा आहे? दर ठरलेला कीं बाजाराप्रमाणें? ऑर्डर रद्द करतां येते काय, व केल्यास विसार बुडतो काय? माल घेणाऱ्या सभासदांनीं आगाऊ नोंदणी केली आहे काय?

सभासद केवळ व्यक्ति असतील, तेथें भाग कितीही असोत, मत प्रत्येकास एकच आहे. तें हिशेब वाचून द्यावें, एवढीच आमची विनंति.