रफ दाखवायला लाजू नकोस

सोने, आईचं मी बघते. ‘आठवडाभर चित्रं काढायला पुण्याला कशाला, पाटणला काय कागद मिळत नाहीत?’ असं ती मलाही फोनवर म्हणाली. राहण्याचा पत्ता, तिथल्या बाईंचा नंबर आणि परत यायची तारीख एका कागदावर लिहून फ्रिजवर लावून दे, तिची निम्मी काळजी तिथेच मिटेल. उरलेली निम्मी पैशांची. फीमध्ये राहणं-जेवण धरलंय का, कागद आणि रंग ते देणार की आपण न्यायचे, हे आधी विचारून घे. संकोच कसला त्यात? पाटण-कराड, कराड-पुणे एसटीनेच जा, बायकांना अर्धं तिकीट आहे. वाचलेल्या पैशांतून ट्रेसिंग पेपर घे भरपूर. कशाला ते सांगते पुढे.

आता मुद्द्याचं. तुझा हात चांगला आहे. इंटरमिजिएटला ए ग्रेड, मग एटीडी, शाळेतल्या प्रत्येक स्नेहसंमेलनाचा पडदा तूच रंगवलेला. म्हणूनच जरा धास्ती वाटते. हात चांगला असलेली मुलं पुस्तकांच्या चित्रांच्या अशा कार्यशाळेत पहिल्याच दिवशी मोठा कागद बोर्डाला लावतात आणि शेवटपर्यंत तेवढाच रंगवत बसतात. समारोपाच्या प्रदर्शनात चित्र उठून दिसतं, फोटो निघतात, स्टेटसला लागतं. पण तसं चित्र तू आपल्या माडीवर बसूनही काढलं असतंस की! तिथे जाऊन शिकायचं ते रंगाचा ब्रश ओला होण्याच्या आधीचं.

पुस्तकाला चित्र काढायचं म्हणजे आधी वाचायचं, आणि ते चित्रकलेच्या वर्गात आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. समजा तिथे उतारा दिला: आजी नातवाला शाळेतून आणायला निघते, वाटेत पाऊस गाठतो, ती पोचेपर्यंत शाळा सुटून गेलेली असते. बरीच मुलं काय काढतील सांगू? छत्री, आजी, नातू, हातात हात आणि तिरक्या रेघांचा पाऊस. चुकीचं काही नाही, पण ते लेखकाने लिहिलेलंच आहे. तू उतारा पुन्हा वाच आणि त्यात काय लिहिलेलं नाही ते शोध. सगळी गेल्यावर व्हरांड्यात एकटं राहिलेलं पोर कुठे थांबेल, खांबाला टेकून की शिपायाच्या स्टुलावर? दप्तर पाठीवर की पोटाशी? आजीने छत्री उघडली होती, की घाईत प्लास्टिकच्या कागदाची खोळ डोक्यावर ओढली? आणि आजी चित्रात दिसायलाच हवी का? फाटकाशी नुसती ती खोळ दिसली तरी वाचणाऱ्या पोराला कळतं कोण आलंय ते.

हे प्रश्न पडले की लगेच मोठ्या कागदाकडे वळू नकोस. काडेपेटीएवढे चौकोन आख आणि त्यात नुसत्या जागा ठरव. एकात वरून पाहा, एकात पोराच्या डोळ्यांच्या उंचीवरून, एकात फाटकाबाहेरून. चेहरे नकोत, बोटं नकोत. पांढरा, काळा आणि मधला राखाडी, बस. पहिल्या तीन-चार चौकोनांत तेच येतं जे शेजारच्या मुलीलाही सुचलेलं असतं, त्याने नाउमेद होऊ नकोस, पुढे काढत राहा. आणि हो, पान उलटतं कुठे, दोन पानांच्या मधली शिवण कुठे येते, मजकुराला जागा कुठे सोडायची, हेही त्या चौकोनातच ठरतं. एखाद्या पोराचं नाक नेमकं शिवणीत गेलेलं पुस्तक पाहिलंयस ना तू? मोठ्या कागदावर लक्षात आलं की उशीर झालेला असतो.

शि. द. फडणीसांचं ते ‘मोहिनी’चं मुखपृष्ठ आठव. तरुणीच्या साडीवर मांजरं, शेजारच्या तरुणाच्या शर्टावर उंदीर. खाली एक अक्षर नाही. सत्तर वर्षं होऊन गेली, तरी आजही ते बघून हसू येतं, कारण सांगायचं ते सगळं कापडाच्या नक्षीत घातलंय आणि दोघांचे चेहरे आपले शांत. हे ब्रशच्या कौशल्याने होत नाही, ते आधी डोक्यात व्हावं लागतं. फडणीस बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचे, बरं का. पाटणहून आलेय म्हणून मागच्या बाकावर बसायचं कारण नाही. माधुरी पुरंदरेंचं ‘चित्रवाचन’ही मिळालं तर जायच्या आधी नजरेखालून घाल. त्यातल्या गर्दीच्या चित्रांत कडेचा माणूससुद्धा नुसता जागा भरायला उभा नसतो.

आणि एक दिवस काढून कराडमार्गे औंधला जाऊन ये. यमाईच्या डोंगरावर जाताना लागतं ते संग्रहालय, 1938 सालचं. आपल्याच जिल्ह्यात रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, हेन्री मूरचं दगडातलं माय-लेकरू आहे, आणि आपण मात्र शाळेच्या सहलीत रांगेने आत जाऊन रांगेने बाहेर आलो. मला तुला दाखवायचाय तो औंधचा राजा. बाळासाहेब पंतप्रतिनिधी नुसते चित्रं विकत घेणारे नव्हते, स्वतः काढायचे. त्यांचं चित्ररामायण 1916 साली छापून आलं. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतही त्यांची चित्रं आहेत, आणि ती प्राचीन नमुन्यांवरून काढल्याचं शीर्षकपानावरच नोंदवलंय. म्हणजे बघ, राजा असूनसुद्धा द्रौपदीची वस्त्रं मनाने काढली नाहीत, जुने नमुने धुंडाळले. (रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ज्यांना जे. जे.मध्ये असताना चित्रकला सोडावी लागली, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान देणारा राजाही हाच. आपल्या भागाच्या गोष्टी कुठून कुठे जोडलेल्या असतात बघ!)

तर नमुने. तुझे नमुने तुझ्या दारात आहेत, ते वहीत घेऊन जा. पुण्यात एसी हॉलमध्ये बसून फोनवर ‘गाव’ शोधलंस तर कौलारू घर, बैलगाडी आणि नारळाचं झाड मिळेल. पाटणला कुठे आलीय ती नारळाची रांग? त्यापेक्षा कोयना आणि केरा मिळतात तिथे पावसाळ्यात दोन पाण्यांचे रंग कसे दिसतात ते टिपून ने. लावणीला वाकलेल्या बायकांच्या पाठीवरची खोळ कुठे बांधतात आणि वारा आला की कुठून फुगते, ते काढ. दातेगडाच्या पायऱ्या उतरताना माणूस गुडघ्यावर हात कसा ठेवतो, ते काढ. सडावाघापूरला पाणी वाऱ्याने उलटं वर उडतं ते तू लहानपणापासून बघतेस, मग तुझ्या चित्रातला पाऊस निमूटपणे खालीच का पडावा? एक छोटी वही एवढ्यासाठीच भर. पवनचक्क्यांचे फोटो सगळेच काढतात, ते राहू दे.

शेवटच्या दोन दिवसांत बहुतेक ठिकाणी स्वतःची गोष्ट आणायला सांगतात. तेव्हा परीकथा शोधत बसू नकोस. आजीकडे बस. 11 डिसेंबर 1967ची पहाट तिला अजून लख्ख आठवते. पण ‘भूकंप कसा झाला’ असं विचारलंस तर ती सगळ्यांना सांगते तेच सांगेल. ‘घरातून बाहेर पळताना तुझ्या हातात काय होतं’ असं विचार. मी एकदा विचारलं होतं, आणि तिने जे सांगितलं ते इथे लिहीत नाही, कारण ते चित्र तुझं आहे. तिच्याच तोंडून ऐक.

कार्यशाळेतलं वातावरणही आधी सांगून ठेवते. रोज संध्याकाळी सगळ्यांची कामं भिंतीला लावून चर्चा होते. तेव्हा अर्धवट काम फाईलमध्ये दडवून ‘माझं अजून व्हायचंय’ म्हणणारी एक तरी मुलगी असतेच. ती तू होऊ नकोस. रफच लाव. पूर्ण रंगवलेल्या चित्रावर सर काय बोलणार? ‘छान झालंय’ म्हणतील आणि पुढे जातील. रफवर मात्र हात ठेवून सांगता येतं, की ही आजी दोन बोटं डावीकडे घे, फाटक मोठं कर. बोलणाऱ्याला मध्येच तोडून ‘मला असं म्हणायचं होतं’ सुरू करू नकोस. पुस्तक वाचणाऱ्या पोराच्या शेजारी बसून तू थोडीच समजावणार आहेस? उलट तूच विचार, ‘चित्रात आधी काय दिसलं?’ उत्तर ‘खांब’ आलं आणि तुला पोर दाखवायचं असलं, तर दुरुस्ती कुठे करायची ते कळलंच.

आता ट्रेसिंग पेपर. काही सर-मॅडमना शिकवता शिकवता तुमच्याच चित्रावर पेन्सिल फिरवायची सवय असते. हेतू चांगला असतो, पण तुझी रेघ त्याखाली जाते. ते जवळ आले की चित्रावर ट्रेसिंग टाक आणि पेन्सिल पुढे कर. त्यांची दुरुस्ती तुझ्याकडे राहते आणि मूळही शाबूत. प्रात्यक्षिक बघताना व्हिडिओ काढत बसू नकोस, तो परत कुणी बघत नाही. सर कुठे थांबले, काय पुसलं, कागद किती वेळा लांब धरून पाहिला, एवढं वहीत लिही. समारोपाला भिंतीवर बघशील, निम्म्या चित्रांत सरांचा हात उतरलेला असतो. आठवडाभर समोर तेच पाहिल्यावर व्हायचंच. पण घरी आल्यावर महिनाभरात तो उतरला पाहिजे.

नवीन महागडे रंग घेऊन जाऊ नकोस. हाताला माहीत आहेत तेच ने. नवं साहित्य आणि नवा विचार दोन्ही एकदम अंगावर घेतलंस तर दोन दिवस डाग पुसण्यात जातील. पाठीला आधार म्हणून एक उशी ने, हसू नकोस.

आल्यावर शाळेतली नोकरी सोडायचं मनात येईल, सगळ्यांच्याच येतं. वसंत सरवटे सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते आणि चित्रंही काढत होते, तीसुद्धा पुलंच्या पुस्तकांना. नोकरीमुळे प्रकाशकाला नाही म्हणायची ताकद येते, ती लगेच घालवू नकोस.

कारण अशा ठिकाणी प्रकाशकही येतात आणि काम हाती ठेवून जातात. आनंदाच्या भरात ‘तुम्ही द्याल ते’ म्हणू नकोस, हे तुझ्या तोंडी फार आहे. कॉपीराइटचा कायदा 1957चा आहे, आणि त्यात पैसे देऊन दुसऱ्याने काढून घेतलेल्या पेंटिंगचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, पैसे देणाराच धरला जातो. म्हणून चार ओळी का होईना, लिहून घे. चित्रं किती, पैसे कधी, कोणत्या पुस्तकासाठी आणि किती वर्षं, दुसऱ्या भाषेत पुस्तक गेलं तर काय. दुरुस्त्या किती वेळा करून देणार तेही घाल, नाहीतर सातव्यांदा परकराचा रंग बदलून मागतील. मूळ कागद परत तुझ्याकडे यायला हवा. नाव आतल्या पानावर छापायला हवं, त्याचा हक्क पैसे घेतल्यावरही तुझाच राहतो. आणि बजेट नाही म्हणाले तर रागावू नकोस, भाव पाडूही नकोस. ‘मग बाराऐवजी आठ चित्रं करते, कुठली चार गाळायची ते आपण मजकूर वाचून ठरवू’ असं म्हण. मजकुराची प्रत दोन दिवसांत पाठवायला सांग आणि निघ.