परीक्षा शुल्काचा हिशेब कुठे मिळेल?

प्रश्न : मुलगी विद्यापीठाचं परीक्षा शुल्क भरते. या पैशाचा हिशेब मला पाहता येईल का?

उत्तर : जरूर, आणि पाहाच. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार वित्त व लेखा अधिकारी हिशेब सांभाळतात, अर्थसंकल्प अधिसभेपुढे (सिनेटपुढे) येतो, जमाखर्चाचं दरवर्षी लेखापरीक्षण होतं. पगारासाठी आलेलं शासकीय अनुदान दुसरीकडे वळवता येत नाही. अर्थसंकल्पातला नुसता तरतुदीचा रकाना वाचून थांबू नका. मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्चही पाहा. विद्यार्थी कल्याणासाठी ठेवलेली रक्कम खरंच खर्च झाली का, हे तिथेच कळतं. लेखापरीक्षण अहवाल मिळाला नाही, तर 10 रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. तुम्ही नोंदणीकृत पदवीधर असाल, तर अधिसभेवरच्या तुमच्या प्रतिनिधीलाही गाठा. सभागृहात प्रश्न सदस्यांनाच विचारता येतो.