राजा हवा की प्रजेचे राज्य?

शास्त्रपाठ : १ शमुवेल ८:१-२२, अनुवाद १७:१४-२०

इस्राएलाच्या वडील जनांची तक्रार खोटी नव्हती. शमुवेलाचे पुत्र खरोखरच लाच घेऊन न्याय विपरीत करीत होते. चूक झाली ती उपायात. इतर राष्ट्रांसारखा राजा मिळाला की सारे ठीक होईल, असे त्यांना वाटले. राजा तुमचे पुत्र, शेते व धान्याचा दशमांश घेईल, असे शमुवेलाने त्यांना बजावले.

१९२८ साली बारडोली तालुक्यात इंग्रज सरकारने शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो भरण्याचे नाकारले, जप्त्या सोसल्या. अखेर चौकशी होऊन वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. १९३० च्या चळवळीत यांतील पुष्कळ शेतकऱ्यांनी शेजारच्या बडोदे संस्थानात, सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात आसरा घेतला. तेव्हा प्रत्येक राजा जुलमीच असतो, असे आम्ही म्हणत नाही. पण एका राजाच्या चांगुलपणावर प्रजेने किती काळ विसंबावे? १९४९ साली बडोदेही विलीन झाले आणि २६ जानेवारी १९५० रोजी आपला देश प्रजासत्ताक झाला.

मग शमुवेलाचा इशारा संपला काय? नाही. आता राजाच्या जागी आपण आहोत. राजाने नियमशास्त्र जवळ बाळगावे, आपल्या बांधवांपुढे उन्मत्त होऊ नये, ही आज्ञा आज मतदाराला व पंचालाही लागू आहे. पैसे घेऊन मत देणारा ख्रिस्ती मनुष्य शमुवेलाच्या पुत्रांच्याच पंक्तीत बसतो.

वर्गात चर्चेसाठी :
१. वडील जनांची तक्रार खरी असूनही मागणी का चुकली?
२. मंडळीच्या निवडणुकीत आपण कसे वागतो?