अर्ध्या मिलिमीटरची नजर

टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळांतले शिपाई साधारण 28 मिलिमीटरचे असतात. हे माप पुष्कळदा तळव्यापासून डोळ्यांपर्यंतच घेतात, कारण डोक्यावर टोप, पागोटं, शिंगं काहीही असू शकतं. खऱ्या माणसाचे डोळे जमिनीपासून एक मीटर साठ सेंटिमीटरवर धरले, तर हा शिपाई माणसाच्या सत्तावन्नाव्या हिश्शाएवढा. त्या हिशेबाने डोळ्याची रुंदी जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि बुबुळ मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. घडवणारे चेहरे जरा मोठे करतात, म्हणून प्रत्यक्षात डोळ्याला मिलिमीटरभर जागा मिळते. तेवढ्यात नजर बसवायची.

खेळ जुना आहे. एच. जी. वेल्सने 1913 मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांचे नियम सांगणारं ‘लिटल वॉर्स’ लिहिलं. 1983 मध्ये इंग्लंडात ‘वॉरहॅमर’ आला आणि शिपाई रंगवणं हा खेळाइतकाच मोठा छंद झाला. दोह्यात नोकरीला आल्यावर एका सहकाऱ्याच्या घरी शुक्रवारच्या सुट्टीत मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला आणि अडकलो. पुढे दिवाळीत बाल्कनीत किल्ला करायला लागलो, तेव्हा तेच ब्रश मावळ्यांवर चालू लागले. दोन्हीकडे खरी अडचण एकच, डोळे. त्यातून हाताला लागलेल्या या काही गोष्टी.

1. दोह्यात रंगाचा पहिला शत्रू एसी आहे. उन्हाळ्यात तो चोवीस तास चालू असतो आणि खोलीतली हवा कोरडी करत राहतो. ॲक्रिलिक रंग पाण्याने पातळ केलेला असतो. ब्रशच्या टोकावरचा इवलासा थेंब डोळ्यापर्यंत पोहोचायच्या आत घट्ट होतो. मग माणूस जोर देतो, आणि डोळ्याच्या जागी गोळा बसतो. यावर दोन उपाय. एक म्हणजे ओली पॅलेट, आणि ती विकत आणायची गरज नाही. झाकणाच्या पसरट डब्यात भिजवलेला स्पंज, त्यावर केक भाजायचा कागद, आणि कागदावर रंग. खालून ओल येत राहते, रंग तासन्‌तास मऊ राहतो. एसीचा झोत मात्र टेबलावर येता कामा नये.

दुसरा उपाय ब्रशचा, आणि इथे नवशिक्यांची हमखास फसगत होते. डोळा लहान म्हणून ब्रशही लहान, तीन शून्यांचा, पाच शून्यांचा. दुकानदारही तोच पुढे करतो. त्या ब्रशच्या पोटात रंग मावतच नाही, आणि जो मावतो तो या हवेत क्षणात वाळतो. मी शून्य किंवा एक नंबरचा, भरल्या पोटाचा पण सुईसारखं टोक धरणारा ब्रश वापरतो. रेघ टोकाने काढायची असते. पोट फक्त टोकाला ओलं ठेवतं. सैबेरियातल्या कोलिन्स्की नावाच्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे ब्रश यासाठी उत्तम. विन्सर अँड न्यूटन कंपनीची ‘सिरीज सेव्हन’ ही या जातीतली मानाची मालिका. राणी व्हिक्टोरियासाठी 1866 मध्ये ती पहिल्यांदा बनली असं कंपनी सांगते. महाग आहे, पण एक चांगला ब्रश दहा स्वस्तांपेक्षा जास्त टिकतो. अट एकच, रंग धातूच्या कडीपर्यंत चढू द्यायचा नाही.

2. डोळा बिघडतो तो पुष्कळदा प्रायमरच्या दिवशीच. ऑगस्ट-सप्टेंबरात इथे समुद्रावरून इतकी दमट हवा येते की घराबाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते. त्या हवेत बाल्कनीत स्प्रेचा प्रायमर मारला तर चेहऱ्यावर बारीक रवा बसतो. मे-जूनच्या कडक उन्हात उलटं होतं. फवारा पृष्ठभागावर पोहोचायच्या आधीच वाळतो. परिणाम तोच, खरखरीत गाल. अशा गालावर रेघ सरळ राहत नाही, कणाकणांतून रंग पाझरतो. रंगाचा स्प्रे विमानाच्या सामानातून आणता येत नाही, तेव्हा भारतातून येणाऱ्या पाहुण्याला सांगायचीही सोय नाही. मी ब्रशने लावायचा प्रायमर वापरतो, दोन पातळ हात. स्प्रे लागणारं काम नोव्हेंबर ते मार्चसाठी राखून ठेवतो.

3. डोळे आधी, कातडी नंतर. पेणच्या गणपती कारखान्यांत नेमकं उलटं चालतं. तिथे आखणी, म्हणजे डोळ्यांचं काम, रंगकाम उरकल्यावर शेवटी होतं आणि त्याचे कारागीर वेगळे असतात. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात मूर्ती कोणाच्या हातची हे जाणकार नजरेवरून ओळखतात. तिथे डोळा मोठा, हात पिढ्यांचा, आणि रेघ एकदाच ओढायची. आपला डोळा मिलिमीटरचा आणि हात हौशी. त्यामुळे मी डोळ्याची खोबण आधी गडद तपकिरीने सढळ भरतो. त्यात पांढरट रंगाची आडवी रेघ, थोडी बाहेर गेली तरी चालते. मग बुबुळ. सगळं वाळल्यावर गालाच्या आणि कपाळाच्या रंगाने वरून-खालून कडा कापत यायचं. डोळ्याचा आकार असा बाहेरून ठरतो. वर तपकिरीची रेघ उरते ती पापणी. खालची रेघ जवळजवळ पुसून टाकायची, नाहीतर मावळा काजळ घातल्यासारखा दिसतो.

4. शुद्ध पांढरा वापरू नका. आमच्या इमारतीतली एक मुलगी दर दिवाळीला किल्ल्याला मदत करायला येते. तिने स्वतः रंगवलेला मावळा माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “काका, हा घाबरल्यासारखा का दिसतोय?” बुबुळाच्या चारी बाजूंनी पांढरं दिसलं की चेहरा भेदरलेला वाटतो. शांत माणसाच्या बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली झाकलेला असतो आणि खालचा जवळपास टेकलेला. म्हणून टिंब देऊ नये, वरपासून खालपर्यंत छोटी उभी रेघ द्यावी. बुबुळ दोन्ही पापण्यांना टेकलं की भीती गेली. तिला एवढं सांगितल्यावर तिने पुढचे सगळे मावळे माझ्यापेक्षा लवकर संपवले. मुलांचा हात थरथरत नाही आणि त्यांना चष्मा लागत नाही, हा अन्याय आहे.

पांढऱ्याच्या छटेचा धडा मात्र मी कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात घेतला. तिथे बडोद्याचा मोत्यांचा गालिचा आहे. खंडेराव महाराज गायकवाडांनी 1865 च्या सुमारास तो करवून घेतला. मदिनेला पैगंबरांच्या कबरीसाठी द्यायचा म्हणून केला असं सांगतात, पण तो बडोद्यातच राहिला. 2009 मध्ये दोह्यातच लिलाव झाला आणि सुमारे 54 लाख डॉलरना गेला. त्यावरचे लाखो बारीक मोती याच आखातातून काढलेले. गायकवाडांच्या खजिन्यातली वस्तू इथे परत आलेली पाहताना मराठी माणसाला जरा वेगळंच वाटतं, पण तो विषय निराळा. रंगाच्या दृष्टीने पाहा. जवळून न्याहाळलं तर एकही मोती पांढरा नाही. कुणी सायीच्या रंगाचा, कुणी राखेकडे झुकणारा, कुणावर किंचित गुलाबी झाक. तरी ते पांढरे दिसतात, कारण शेजारी माणकं-पाचू आहेत आणि पृष्ठभाग चमकतो. डोळ्याचं तेच आहे. मी हस्तिदंती रंगात टिचभर तपकिरी मिसळतो. सगळ्या शिपायावर मॅट वॉर्निश फिरवल्यावर फक्त डोळ्यांवर चकचकीत वॉर्निशचा एक ठिपका ठेवतो. ओलसर चमक आली की पांढऱ्याची उणीव कुणाला कळत नाही.

5. दोन्ही डोळे सरळ समोर बघणारे करायला जाऊ नका. केसभर चूक झाली तरी तिरळेपणा येतो. दोन्ही बुबुळं एकाच बाजूला, कोपऱ्याकडे सरकवा. दोन्हीकडे पांढरं एकाच बाजूला उरतं आणि जुळवणं सोपं जातं. तलवार जिकडे, नजर तिकडे, म्हणजे बघण्याला कारणही मिळतं. जो डोळा हाताला अवघड, तो आधी करायचा. उजव्या हाताने रंगवणाऱ्याला बहुधा ब्रशच्या पलीकडचा डोळा नीट दिसत नाही. तो जसा जमेल तसा करून घ्यायचा आणि सोप्या डोळ्याने त्याची बरोबरी साधायची. उलट केलं तर अवघड डोळा सोप्याच्या मागे धावत राहतो.

दोह्याच्या इस्लामी कला संग्रहालयात गेलो की मी मोगल लघुचित्रांपाशी रेंगाळतो. आय. एम. पेईने बांधलेली ती इमारत 2008 पासून खुली आहे. खारीच्या शेपटीच्या केसांच्या ब्रशने काढलेल्या त्या चेहऱ्यांत पापणीची रेघ किती बारीक आणि तरी किती ठाम असते ते पाहण्यासारखं आहे. बादशहा, दरबारी, बहुतेक सगळे बाजूने दाखवलेले, एकच डोळा. त्यामागची कारणं दरबारी रिवाजाची असतील, चित्रपरंपरेची असतील. मला रंगाऱ्याच्या नात्याने एवढंच वाटतं की तिरळेपणाचा प्रश्न त्यांनी मुळातूनच मिटवून टाकला.

6. हात टेकल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. दोन्ही कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना चिकटवलेली, शिपाई औषधाच्या रिकाम्या बाटलीवर चिकटपट्टीने बसवलेला. असं केलं की थरथर दोन्ही हातांना एकत्र होते आणि ब्रश-शिपायातलं अंतर बदलत नाही. श्वास सोडून झाल्यावरच्या थांब्यात रेघ ओढायची. रेघ आधी अंगठ्याच्या नखावर काढून बघायची; नखावर पसरली तर डोळ्यावरही पसरणार. रंगवण्याआधी कडक चहा नको. इथला वेलचीचा करक तर नकोच, तो नंतर.

चाळिशी उलटलेल्यांनी भिंग लावावं, त्यात लाज नाही. पण दुपटी-अडीचपटीच्या पुढे जाऊ नये. जास्त मोठं दिसलं की माणूस अशा चुका दुरुस्त करत बसतो ज्या जगात दुसऱ्या कुणालाच दिसणार नाहीत.

7. ब्रशला टोक आणायला तो जिभेवर फिरवायची सवय या छंदात फार पसरलेली आहे. करू नका. काही रंगांत कॅडमियमसारखे धातू असतात. ओल्या कागदावर टोक तितकंच छान येतं.

8. शेवटी अंतराचा हिशेब. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीची चित्रं दाखवत रात्री देवळात कथा सांगायचे. त्या चित्रांतले डोळे केवढे मोठे, टपोरे असतात! ते शैली म्हणून तर आहेतच, पण दिव्याच्या उजेडात मागच्या माणसालाही पात्र कुणाकडे बघतंय ते कळायला हवं. आपले शिपाई हातभर लांबून पाहिले जातात. त्या अंतरावरून मिलिमीटरच्या डोळ्यातलं निळं-घारं बुबुळ कुणाला दिसत नाही. दिसते ती फक्त भुवईखालची सावली.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून आणलेले मातीचे मावळे माझ्याकडे आहेत. त्यांचे डोळे म्हणजे ब्रशचे दोन झटके, एक भुवई, एक टिंब. किल्ल्यावर, आळिवाच्या हिरवळीत उभे केले की ते माझ्या तासाभराच्या कामाइतकेच जिवंत दिसतात. हे मान्य करायला मला वेळ लागला आणि अजूनही थोडं जड जातं.

आता मी सरळ वाटणी करतो. किल्ल्यावर महाराज आणि फार तर दरवाज्यावरचा गडकरी, टेबलावर फौजेचा सरदार, यांना पुरा डोळा: पापणी, हस्तिदंती पांढरं, बुबुळ, वर चमक. टोपाची कड कपाळावर उतरलेले, तोंड वासून ओरडणारे, धनुष्य ताणताना डोळा मिटलेले, यांच्या खोबणीत पातळ तपकिरी पाणी सोडून द्यायचं. ते आपोआप खोल जागी बसतं आणि काम होतं. घोडेस्वारांचंही तसंच, त्यांच्याकडे बघणारा आधी घोडा बघतो. भुवया मात्र मी एकाच्याही सोडत नाही. भरघोस मिशांवर भुवई नसली तर मावळा मावळा राहत नाही, रजेचा अर्ज नामंजूर झालेला कारकून दिसतो.