खेळातील लिंगभेद : कारणे आणि परिणाम

मधल्या सुट्टीत शाळेच्या मैदानाकडे एकदा नीट पाहा. मधोमध कोण खेळत असते आणि कडेला कोण उभे असते? ‘मुलींना खेळाची आवडच नसते’ असे आपण सहज म्हणून जातो. पण हे खरे आहे का?

इतिहास काय सांगतो?

१८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये एकही महिला खेळाडू नव्हती. १९२८ साली ॲमस्टरडॅमला महिलांची ८०० मीटर शर्यत झाली. शर्यत संपल्यावर काही जणी दमलेल्या दिसल्या. आता एवढे पळाल्यावर पुरुषही दमतातच की! पण ‘बायकांना हे झेपत नाही’ असे ठरवून ती शर्यतच बंद केली गेली. ती परत आली थेट १९६० मध्ये.

४०० मीटर अडथळ्यांची शर्यत महिलांसाठी १९८४ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी पी. टी. उषा चौथ्या आल्या. पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. ३००० मीटर स्टीपलचेस पुरुषांना १९२० पासून होती, महिलांना २००८ पासून. पुढे २०१६ मध्ये साताऱ्याच्या ललिता बाबर या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या. म्हणजे बघा, आधी संधी मिळते, मग कर्तृत्व दिसते. आपण मात्र उलटा हिशेब मांडतो.

कारणे

१. घरकाम आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी मुलींवरच पडते.
२. ‘वयात आलीस, आता खेळ पुरे’ हा विचार.
३. मैदानाजवळ स्वच्छतागृह व कपडे बदलायला खोली नसणे.
४. सरावाहून परतताना सुरक्षिततेची काळजी.
५. पैशातील तफावत. बीसीसीआयने २०२२ मध्ये महिला व पुरुषांचे सामना मानधन समान केले, हे चांगलेच झाले. तरी २०२४-२५ च्या वार्षिक करारात पुरुषांची सर्वोच्च श्रेणी ७ कोटींची, तर महिलांची ५० लाखांची होती.

परिणाम

गुणी खेळाडू घडण्याआधीच मागे पडतात. मुलींचे आरोग्य आणि आत्मविश्वास यांवर परिणाम होतो. शिवाय महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. जिला मैदानच मिळाले नाही, तिच्यासाठी हा दरवाजाही बंद होतो.

समारोप

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आपण सगळे नाचलो. त्या संघात सांगलीत वाढलेली स्मृती मानधना होती. तिच्या हातात लहानपणी कुणीतरी बॅट दिली होती, हे विसरू नका. मुलांनो, उद्या डाव मांडताना मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मुलींनाही संघात घ्या. आणि मुलींनो, कुणी बोलावण्याची वाट पाहू नका. मैदान तुमचेही आहे.

स्वाध्याय : तुमच्या शाळेत आठवड्याला मुले किती तास खेळतात आणि मुली किती, याची नोंद करा. फरक दिसल्यास त्याची तीन कारणे लिहा.