छप्पर देताना

पाठासाठी वचने: अनुवाद 22:8, यहोशवा 2:6, मार्क 2:1-4



नवे घर बांधशील तेव्हा छपराला कठडा कर, नाहीतर वरून कोणी पडून मेल्यास त्याचा दोष तुझ्या घरावर येईल, अशी आज्ञा अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. कोकणातल्या कौलारू घरात वाढलेल्याला प्रश्न पडेल, की छपरावर माणूस चढतोच कशाला? शिंदखेड्याकडच्या माणसाला तो पडत नाही. तापी-पांझरेच्या या पट्ट्यात जुनी घरे धाब्याची. लाकडी खांबांवर सरे, त्यावर फळ्या किंवा काड्या आणि वर खाऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात दिवसा त्यावर बिबडे, कुरडया, मिरच्या वाळतात आणि रात्री सगळे घर तिथे झोपते. राहाबेने हेरांना छपरावरच्या काड्यांखाली लपवले, चौघांनी छप्पर उकरून पक्षघाती मनुष्याला खाली सोडले, हे आमच्या रविवारच्या शाळेतल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही.

आज हा पाठ घेण्याचे कारण वेगळे आहे. आपल्यापैकी अनेकजण 'एका घराचे पत्रे' म्हणून देणगी देतात. मे महिन्यात भर दुपारी मी एका भिल्ल वस्तीवर गेलो होतो. आपणच दिलेल्या पत्र्याच्या घरात कोणी नव्हते. बाळंतीण लहानग्याला घेऊन बाहेर निंबाखाली बसली होती. आत पाऊल टाकले आणि लगेच मागे आलो. आजीबाई म्हणाल्या, "भाऊ, पाण्यानं गळत नाही, पण उन्हानं गळतं."

आम्ही गळती मोजली होती, ऊन मोजले नव्हते. शिंदखेडा पर्जन्यछायेतला तालुका. पाऊस बेताचा आणि मे महिन्यात पारा 43-44 अंशांपर्यंत जातो. नवापूर-धडगावकडे पाऊस जास्त, म्हणून तिकडे उतरते कौलारू छप्पर शोभते. इथे छपराचे पहिले काम सावलीचे.

मग धाबेच बरे का? गारव्याला त्याच्यासारखे काही नाही, पण ते दरवर्षी हात मागते. पावसाआधी नवी माती टाकावी लागते, उगवलेले गवत काढावे लागते. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले कुटुंब उन्हाळ्यात थकून परतते, त्याला हे कसे जमावे? आठवडाभर झड लागली की माती पाणी पिऊन जड होते आणि कुजका सरा दगा देतो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली हजारो माणसे गेली, तेही विसरता येत नाही.

कौले आता चाळून देणारा माणूसच मिळत नाही, आणि वानरे आहेतच. सिमेंटचे जुने पत्रे कोणी फुकट दिले तरी घेऊ नयेत. त्यात ॲस्बेस्टॉस असते आणि ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक.

स्लॅब सर्वांना हवा असतो. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण सपाट भागात घरकुलासाठी 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, घर किमान 25 चौरस मीटरचे. तेवढ्याच जागेवर चार इंची स्लॅब टाकला तर वजन सहा टनांच्या पुढे जाते. तो जुन्या मातीच्या भिंतींवर टाकू नये, गवंडी कितीही हो म्हणाला तरी. आणि गच्ची झाली की माणसे झोपायला चढणारच. पैसे संपले म्हणून कठडा राहिला, असे घर मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

राहता राहिला पत्रा. त्याला नावे ठेवण्याआधी लोक तो का मागतात ते ऐकावे. पायाखालची जागा नावावर नाही. उठवले तर पत्रे उतरवून नेता येतात, स्लॅब नेता येत नाही. हे कारण माझ्या लक्षात फार उशिरा आले.

तेव्हा पत्रा द्यायचा तर नुसता देऊ नये. वर दरवर्षी चुन्याचा पांढरा हात. खाली तुराट्यांचे मातीने लिंपलेले छत, दोहोंमध्ये वीतभर मोकळी जागा आणि गरम हवा निघून जायला दोन्ही टोकांना झरोके. चूल मात्र त्यापासून दूर. पत्र्यावर धोंडे ठेवू नयेत, वादळात तेच खाली येतात. हुकाचे बोल्ट वायसर घालून बसवावेत आणि भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडावे, खोलगट भागात नाही. उतार अगदी सपाट ठेवला तर वारा पत्रा उचलतो.

यापुढे देणगी ठरवण्याआधी त्या घरच्या बाईला विचारायचे आम्ही ठरवले आहे: दुपारी कुठे बसता, रात्री कुठे झोपता, जागा कोणाच्या नावावर आहे, वर्षातले किती महिने घर बंद असते? निंबाखालच्या त्या घरी उत्तरे मिळाली आहेत. चुना आणला आहे, तुराट्या शेजारच्या शेतातून मिळतील. मृग लागण्याआधी काम उरकायचे आहे, आणि आजीबाईंनी बिबडे वाळवायला अंगणात मांडव मागितला आहे.